ओढ्याच्या तोंडाशी

आज दुपारी छपरावरून पागोळ्या गळायला लागल्या. कॅनडातल्या या विनिपेगात मार्चमध्ये असा एक दिवस येतोच. नोव्हेंबरपासून मुकाट बसलेला छपरावरचा बर्फ उन्हं वर आली की पाझरायला लागतो आणि टप टप करत दिवसभर पायरीवर पडत राहतो. लोकांना कोण आनंद होतो! समोरच्या घरातला गृहस्थ नुसत्या टी-शर्टवर ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला आला होता. पारा अजून शून्याच्या वर गेलेला नाही, पण त्याच्या लेखी वसंत आला. माझा नवरा श्रीकांत फोनवर विंटर टायर काढायची अपॉइंटमेंट घेत होता. मी खिडकीपाशी चहाचा कप धरून उभी होते आणि मला तो आवाज नको होता. पाच वर्षं झाली, पहिल्या पागोळ्या ऐकल्या की असंच होतं.

मी बर्फाचा अभ्यास करते. सरोवरं गोठतात कशी आणि सुटतात कशी, हे माझं काम. नागपूरच्या बाईनं बर्फाचा अभ्यास करावा, याचं आमच्या गोतावळ्यात अजून हसू होतं. आमच्याकडे बर्फ म्हणजे मे महिन्यात लाकडाच्या भुशात गुंडाळून लग्नघरी यायची ती लादी, नाहीतर शाळेबाहेरच्या गाडीवरचा काला खट्टा गोळा. गोळा खाताना एकच शास्त्र ठाऊक होतं. लवकर चोखला नाही तर कोपरापर्यंत ओघळ येणार. तेवढ्या तयारीवर मी इथं आले, डॉक्टरेट केली आणि विद्यापीठात चिकटले. दर वर्षी आत्या विचारते, "काय गं मेधा, अजून बर्फच का?" अजून बर्फच, असं मी सांगते.

मार्चमधल्या बर्फाबद्दल एक गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. भर हिवाळ्यातला बर्फ एकसंध असतो, त्याच्यावर ट्रक चालवा. पण मार्चचं ऊन लागलं की तो आतल्या आत उभा चिरत जातो. वरून बघाल तर काही फरक नाही. गिरमिटानं भोक पाडून आत पट्टी घातली तर जाडीही तेवढीच भरते. आत मात्र त्याच्या उभ्या सळया सुट्या झालेल्या असतात. उदबत्त्यांचा पुडा असतो ना, तसा. दोरा आहे तोवर पुडा आणि दोरा सुटला की नुसत्या काड्या. जिथं एखादा ओढा सरोवराला येऊन मिळतो तिथं खालून पाणी खेळत असतं, म्हणून तिथला बर्फ बाकी सरोवराच्या कितीतरी आधी सुटतो. म्हणजे मार्चमध्ये ओढ्याच्या तोंडाशी जाडी मोजून काही कळत नाही. तिथं जाऊच नये.

बस. माझ्या तीन हिवाळ्यांच्या कामाचं सार एवढंच आहे. आत्ता लिहायला मला पाच मिनिटं लागली नाहीत. त्या शनिवारी हॉलमध्ये हे एवढंच बोलले असते, तर वॉल्टर आज असता.

वॉल्टर म्हणजे शहराच्या उत्तरेला, दोन तासांच्या अंतरावर, सरोवराकाठच्या एका छोट्या गावातला कोळी. कोळी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर होडी येते. याची अर्धी जिंदगी बर्फावर गेलेली. गोठलेल्या सरोवराला भोकं पाडायची आणि खालून मासे काढायचे. मी भेटले तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती आणि धंदा सुटला होता, पण सवय सुटली नव्हती. माझी यंत्रं बर्फात बसवायला जागा दाखवणारं कुणीतरी हवं होतं. पहिल्या दिवशी त्यानं मला नखशिखान्त न्याहाळलं. माझे बूट बघून तो घरात गेला आणि बायकोचे जुने बूट घेऊन आला. "हे घाल डॉक. तुझे दुकानात छान दिसत असतील." तेव्हापासून मी डॉक. मेधा हे नाव त्याच्या जिभेवर कधी बसलं नाही आणि त्यानं बसवायचा प्रयत्नही केला नाही.

तीन हिवाळे तो माझ्याबरोबर हिंडला, त्याच्या स्नोमोबीलवर, बर्फावरून धावणाऱ्या त्या फटफटीवर. बर्फाला कान लावायला त्यानं मला शिकवलं. थंडी वाढली की सरोवर आवाज करतं. आधी दुरून एक लांब हुंकार येतो, मग पायाखालून सरकत पलीकडे जातो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी जागच्या जागी थिजले होते. वॉल्टर म्हणाला, "बोलतोय तोवर भ्यायचं नाही. गप्प झाला की घरी जायचं." मी वहीत लिहिलं, ध्वनीच्या वारंवारतेची नोंद घेणे. तो माझ्या खांद्यावरून वहीत डोकावला आणि म्हणाला, "मी एवढंच म्हणालो का?"

त्याची स्वतःचीही नोंद असे. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी हार्डवेअरच्या दुकानानं फुकट दिलेलं कॅलेंडर टांगलेलं असायचं आणि त्याला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. हिवाळ्यात रोज परतल्यावर त्या दिवसाच्या चौकोनात तो दोन-तीन शब्द लिहायचा. 'अठरा इंच. छान.' 'बर्फ बोलतोय.' 'वारा. मासे नाहीत. घरी.' त्या चौकोनात मावेल तेवढंच. त्याची बायको डोरीन वर्ष संपलं की कॅलेंडर काढून बेसमेंटमध्ये एका खोक्यात ठेवायची. मला वाटायचं, किती मोघम लिहितो हा माणूस! तापमान नाही, वेळ नाही, ठिकाण नाही. आज मी माझे त्या वर्षांचे अहवाल चाळले की दहा पानं उलटून एक गोष्ट हाती लागते. त्याचा चौकोन एका नजरेत वाचून होतो.

इथं मला आई आठवते. आई नागपूरजवळच्या खेड्यांमधून सरकारी आरोग्यसेविका होती. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर जायचे. सिस्टरबाई आली म्हटलं की बाया ओट्यावर जमायच्या. आई चप्पल काढायच्या आधी बोलायला लागे. "पाणी उकळूनच प्यायचं. बाळाची सुई चुकवायची नाही." मग चप्पल काढून, बसून, पाणी पिऊन, कुणी विचारलंच तर का ते सांगे. मी तेव्हा सायन्सला जाणार म्हणून फार शेफारले होते. एकदा परतताना एसटीत तिला म्हटलं, "आई, तू त्यांना जंतूंबद्दल आधी नीट समजावून सांगत जा ना. नुसते हुकूम सोडतेस." ती म्हणाली, "अगं, तिच्या चुलीवर भाजी असते. ती कधी उठून जाईल सांगता येत नाही. जे न ऐकता गेली तर मूल दगावेल, ते आधी सांगायचं." मी ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. माणूस आईचं किती कमी ऐकतो.

आम्हाला शिकवलेली रीत नेमकी उलटी. आधी पार्श्वभूमी, मग आधी कुणी काय काम केलं ते, मग उद्दिष्टं, पद्धत, आलेख आणि सगळ्यात शेवटी, जमलं तर, निष्कर्ष. त्याच्यामागे लगेच मर्यादा. त्या रीतीला मी नावं ठेवत नाही. आपल्याला जेवढं दिसलं त्याच्यापलीकडे बोलू नये, हा आमच्या धंद्यातला प्रामाणिकपणाच आहे आणि तो मी घाम गाळून शिकले आहे. पण तो कुणापुढे कसा वापरायचा, हे मला कुणी शिकवलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

त्या मार्चमध्ये गावाच्या कम्युनिटी हॉलनं मला बोलावलं. "तीन वर्षं आमच्या सरोवराला भोकं पाडते आहेस, काय सापडलं ते आम्हालाही सांग," असा निरोप डोरीनकडूनच आला. शनिवारी दुपारी दोनची वेळ. श्रीकांत आणि इराही आले होते. इरा तेव्हा नऊ वर्षांची. हॉलमध्ये कॉफीचा मोठा पिंप होता, अंड्याची सँडविचेस होती आणि इकडे ज्यांना डेन्टीज म्हणतात त्या छोट्या गोड वड्यांचे ट्रे होते. तीस-चाळीस माणसं असतील. जाड जॅकेटं खुर्च्यांच्या पाठीला टांगून, टोप्या मांडीवर ठेवून बसलेली. वॉल्टर सगळ्यात मागच्या रांगेत. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मी सव्वीस स्लाइड्स केल्या होत्या. बर्फाचे थर, रंगीत नकाशे, आलेख. पहिल्या वीस मिनिटांत मी जगभरच्या सरोवरांबद्दल बोलले. मग माझ्या यंत्रांबद्दल, ती किती अचूक आहेत याबद्दल. लोक शहाण्या मुलांसारखे बसले होते. एक-दोघं उठून कॉफी घेऊन आले. खरं सांगायचं ते तेविसाव्या स्लाइडवर होतं. ते वाक्य मला पाठ आहे. मराठीत उतरवलं तर असं होईल: 'मोसमाच्या उत्तरार्धात, अंतर्प्रवाहानजीकच्या ठिकाणी, केवळ जाडी हा बर्फाच्या भारवहनक्षमतेचा विश्वासार्ह निर्देशक ठरेलच असे नाही.' इंग्रजीत ते याहून सोपं नव्हतं. त्या स्लाइडवर मी किती वेळ होते? अर्धा मिनिट असेल. चोवीस, पंचवीस आणि सव्विसाव्या स्लाइडवर मी मर्यादा सांगितल्या.

का केलं मी असं? कारण क्षुल्लक आहे आणि म्हणूनच सांगायला लाज वाटते. त्याच आठवड्यात माझ्या शोधनिबंधावर एका परीक्षकाचा अभिप्राय आला होता. पुराव्याच्या मानानं दावा मोठा आहे, अशा अर्थाचा. मला ते फार लागलं होतं. आठवडाभर मी एकेक वाक्य काढून त्याची धार बोथट करत होते. 'आहे'चं 'असावं' केलं, 'असावं'चं 'असण्याची शक्यता नाकारता येत नाही' केलं. त्या हॉलमध्ये माझ्यासमोर चाळीस माणसं होती, पण मी बोलत होते त्या न दिसणाऱ्या परीक्षकाशी. त्याला माझ्या बोलण्यात एकही खोट सापडली नसती.

भाषण झालं, टाळ्या झाल्या. कॉफीच्या पिंपाजवळ वॉल्टर माझ्याकडे आला. "डॉक, चित्रं फार छान होती. मी खूप शिकलो." मग त्यानं आवाज जरा खाली आणला, वर्गात उशिरा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला संकोच वाटतो तसा. "आता मला एक सांग. पुढल्या आठवड्यात ओढ्याच्या तोंडाशी पिकरेल जमायला लागतील. मी दर वर्षी जातो. यंदा जाऊ का?"

पिकरेल हा तिकडचा लाडका मासा. प्रश्नात काही गुंता नव्हता. उत्तराला एक शब्द लागत होता.

मी म्हणाले, "वॉल्टर, ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. माझ्याकडे तीनच हिवाळ्यांचा डेटा आहे. नुसत्या जाडीवर पूर्ण विसंबू नये, एवढंच म्हणता येईल."

त्यानं मान डोलावली. मनातल्या मनात माझं वाक्य तो आपल्या भाषेत करत होता, ते मला दिसत होतं. "म्हणजे आधी मोजायचं."

"मोजलेलं केव्हाही बरं," मी म्हणाले.

मोजून कळत नाही, हेच तर मी तीन वर्षं शोधून काढलं होतं.

आणि अजून एक गोष्ट आहे. ती मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. भाषणाच्या आधीच्या सोमवारी मी एका सहकाऱ्याला घेऊन ओढ्याच्या तोंडाशी गेले होते आणि तिथली माझी दोन्ही यंत्रं काढून आणली होती. खरं तर ती अजून दोन आठवडे तिथं राहायची होती. पण त्या दिवशी बर्फावर पाऊल टाकलं आणि काहीतरी वेगळं लागलं. आवाज नव्हता. गिरमीट आत जाताना नेहमीची करकर नव्हती, ते नुसतं सर्रकन गेलं. मी सहकाऱ्याला म्हटलं, "चल, काढ आणि निघू या." गाडीपर्यंत मी जवळजवळ पळतच आले. वहीत मी लिहिलं, 'नियोजित वेळेआधी यंत्रे काढली.' कारण लिहिलं नाही. भीती वाटली, हे कारण आमच्या वहीत लिहीत नाहीत.

माझी यंत्रं मी सोडवून आणली. माणसाला मात्र तीन हिवाळ्यांचा डेटा ऐकवला.

मंगळवारी सकाळी तो ओढ्याकडे गेला. बुधवारी डोरीनचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. तास संपल्यावर बघितलं तर तिचाच मेसेज. आवाज अगदी सपाट. "डॉक, वॉल्टर काल घरी आला नाही. शोधायला गेलेल्यांना त्याची स्नोमोबील दिसली आहे." मी गाडी काढली. वाटेत ऊन इतकं लख्ख होतं की डोळे उघडवत नव्हते. काठावर पोलीस होते, गावातले लोक होते, शनिवारी हॉलमध्ये होते तेच. बर्फावर त्याच्या स्नोमोबीलची रेघ सरळ ओढ्याकडे गेलेली होती. परत आलेली रेघ नव्हती.

मी रडले नाही तेव्हा. मी काय करत होते सांगू? कुठल्या जागी बर्फ सुटलाय ते मनात नकाशावर लावून बघत होते. माझं यंत्र जिथं होतं तिथून तीस पावलं असेल. माझा निष्कर्ष बरोबर होता. असं बरोबर येणं वैऱ्यालाही लाभू नये.

नंतर सगळ्यांनी समजूत घातली. श्रीकांत किती वेळा म्हणाला असेल, "हे बघ मेधा, स्लाइडवर क्लिअरली लिहिलेलं होतं. इट वॉज देअर. आणि त्याला तुझ्यापेक्षा जास्त एक्स्पीरियन्स होता. यू कान्ट टेक दिस ऑन युअरसेल्फ." विभागातले लोक म्हणाले, तू सांगितलंस, आणखी काय करणार. एकानं तर तेविसावी स्लाइड उघडून मला दाखवली. मी ती बघितली. खरोखरच तिथं सगळं होतं.

फक्त इराला ते पटलं नाही. ती जेवायच्या टेबलाशी बसून भातात चमचा फिरवत होती. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, तशीच सवय आहे. ती म्हणाली, "बट आई, डिड यू टेल हिम नॉट टू गो?"

"सांगितलं गं, पण जरा वेगळ्या शब्दांत."

"व्हॉट वर्ड्ज?"

नऊ वर्षांच्या पोरीसमोर मला ते वाक्य म्हणता येईना. 'मोसमाच्या उत्तरार्धात' एवढं म्हणाले असते तरी तिनं विचारलं असतं, म्हणजे काय. वॉल्टरनं विचारलं नाही. तो भिडस्त माणूस होता. इतकी शिकलेली बाई बोलतेय म्हणजे न कळणं हा आपलाच दोष, असं मानणाऱ्यांतला. त्याचा माझ्यावर विश्वास होता. स्वतःच्या कानांपेक्षा जास्त होता, आणि मला तेच सगळ्यात जास्त छळतं. मी नसते तर तो बर्फ गप्प झालेला ऐकून कदाचित घरी गेला असता.

आईला फोनवर सगळं सांगितलं, यंत्रांचंही. मागे नागपूरच्या घरातल्या कूलरचा आवाज येत होता. मग तिनं विचारलं, "तू तुझी मशिनं काढून आणलीस, हे त्याला बोलली होतीस का?"

"नाही."

"का गं?"

"आई, ते विज्ञान नव्हतं. मला नुसती भीती वाटली होती."

"मग तेच सांगायचं होतं, बाळा," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

पुढचा मार्च मी घरातच काढला. त्याच्या पुढच्या वर्षीपासून मी पुन्हा हॉलवर जाते. आता स्लाइड्स नसतात, फळ्यावर एक नकाशा असतो. पहिलं वाक्य मी घरून लिहून नेते आणि जॅकेटही न काढता म्हणते. दुसऱ्या वर्षी एका माणसानं उठून विचारलं, "तुला कितपत खात्री आहे?" मी म्हणाले, "पूर्ण नाही. पण मी स्वतः तिथं जाणार नाही आणि माझ्या मुलीला जाऊ देणार नाही." तो खाली बसला. त्याला जेवढं हवं होतं तेवढं मिळालं होतं. इतकं सोपं होतं, असं मनात आलं आणि त्या दिवशी परतताना मला गाडी कडेला थांबवावी लागली.

डोरीन दर वर्षी पहिल्या रांगेत असते. सँडविचेस तीच करते. आमच्यात त्या दिवसाबद्दल कधी बोलणं झालं नाही. अंत्यसंस्कार झाले त्या दिवशी तिनं माझा हात धरला होता, तेवढंच. त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत ती मुलाला घेऊन शहरात आली आणि माझ्या दारात एक खोकं ठेवून गेली. तीस वर्षांची कॅलेंडरं. "तुझ्या कामाला येतील," म्हणाली. चहालाही थांबली नाही.

सवड मिळेल तसं मी ती संगणकात उतरवते आहे. शास्त्र म्हणून त्यांचं मोल मोठं आहे. सरोवर कधी गोठलं, कधी सुटलं, तीस वर्षांचा हिशेब कुणाकडेच नव्हता. पण मी ती शास्त्र म्हणून वाचू शकत नाही. एका चौकोनात 'डोरीनचा वाढदिवस. चार पिकरेल. तळले.' एका चौकोनात नुसतं 'थंडी!' आणि शेवटच्या तीन वर्षांत अधूनमधून 'डॉक आली.' 'डॉक पडली, हसली.' 'डॉकला बूट दिले.' मी एकेक ओळ टाइप करते आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते कळत नाही.

एकच महिना मी ठेवून दिला होता. त्या वर्षीचा मार्च. तेवढं पान मी उलटलंच नव्हतं. या महिन्याअखेर सगळी नोंद पूर्ण करून द्यायची आहे, म्हणून आज, बाहेर पागोळ्या पडत असताना, ते पान उलटलं.

शनिवारच्या चौकोनात आधीपासून लिहिलेलं होतं: 'डॉकचं भाषण. दोन वाजता. चांगला शर्ट.' त्याच्याखाली, जागा उरली नाही म्हणून अगदी बारीक अक्षरात: 'डॉक नको म्हणाली नाही.'

सोमवारी: 'ओढ्यावर मोजलं. बावीस इंच.'

मंगळवारी, निघण्याआधीच लिहिलेलं: 'ओढ्याकडे. जेवायला परत.'

पुढचे चौकोन कोरे.

किती वेळ बसले होते कोण जाणे. श्रीकांत चहा ठेवून गेला, तो निवला. मग मी फोन उचलला आणि डोरीनला लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पाच वर्षांनी पहिल्यांदाच काही न ठरवता बोलले.

"डोरीन, मी आज तो मार्च वाचला."

पलीकडे रेडिओ चालू होता, तो बंद झाला. "मी वाचलाय तो," ती म्हणाली. "तुला द्यायच्या आधीच."

"मग दिलास कशाला?"

"त्यानं लिहिलेलं तू वाचायला हवं होतंस. मला ते तोंडानं बोलता आलं नसतं."

मला रडू आवरेना. तशातच मी तिला सांगितलं. यंत्रांचं. भाषणाआधीच्या सोमवारी काढून आणलेली दोन यंत्रं, ते न वाजणारं गिरमीट, माझं पळत गाडी गाठणं. "मला माहीत होतं, डोरीन. आकडे नव्हते, पण माहीत होतं. त्यानं मला सरळ विचारलं आणि मी त्याला सांगितलं नाही." वाक्यं छोटी छोटी निघत होती. कुठंही 'असावं' नव्हतं.

पायरीवर पागोळ्या पडत होत्या. तिच्याकडेही पडत असणार.

"शनिवारी येते आहेस ना?" तिनं शेवटी विचारलं.

"बोलावलंस तर."

"या वर्षीचं पहिलं वाक्य काय आहे?"

मी टेबलावरचा कागद ओढला आणि वाचलं. "ओढ्याच्या तोंडाशी जाऊ नका. बर्फ जाड दिसला तरी जाऊ नका. मी माझी यंत्रं काढून आणली आहेत."

"पुन्हा वाच," डोरीन म्हणाली. "मोठ्यानं वाच. वॉल्टर मागच्या रांगेत बसायचा."